शेवटच्या माणसाचा चहा

एनिड क्रॅबट्री नकाशांना इस्त्री करायची. ख्रिसमसचं झाड घराबाहेर गेलं की जेवणाच्या टेबलावर जुनी चादर पसरायची, तिच्यावर नकाशा उलटा घालायचा, वरून पातळ फडकं टाकायचं आणि कोमट इस्त्री हलक्या हाताने फिरवायची. घड्यांवर फाटत आलेला कागद मग आणखी एक उन्हाळा निभावायचा. डेनली गावातल्या बायका एकमेकींच्या घरी गेल्या की आधी पडद्यांच्या झालरी न्याहाळत. एनिडकडे आलेलीला तेवढी सवडच मिळत नसे, कारण बसायला जावं त्या खुर्चीवर यॉर्कशरच्या नकाशाचा एखादा तुकडा गार होत पडलेला असायचा.

डेनलीच्या गिरण्या केव्हाच बंद पडल्या होत्या. गिरण्यांच्या काळात सुरू झालेली चालणाऱ्यांची मंडळी मात्र टिकून होती, तीही आता चौघांवर आलेली. डेरिक सगडन त्यांचा पुढारी. नगरपालिकेत गटारांच्या खात्यावर साहेब होता, बायको जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती, आणि तरी चढावरून हात करून दिशा दाखवायची ऐट काही गेली नव्हती. नॉर्मन पोस्टातून निवृत्त झालेला. दिवसभरात तो जेवढं बोलत नसे तेवढं रात्री घोरत असे. मेव्हिस टॉर्डॉफ ही एनिडची शाळेपासूनची मैत्रीण, गोल चेहऱ्याची, पटकन हसणारी, पटकन रडणारी. आणि एनिड. दरवर्षी मे महिन्यात ही चौघं पाठीला सॅक लावून आठ-पंधरा दिवसांच्या चालीला निघत. त्या चालीचं पुढारपण डेरिकचं आणि बाकी सगळं एनिडचं.

डेरिकला वाटे, योजना म्हणजे नकाशावर पेन्सिलीने रेघ ओढणं. खरी योजना म्हणजे गाद्या. माणूस दिवसभर कितीही तंगडतोड करो, संध्याकाळी त्याला पाठ टेकायला गादी लागते, आणि त्या उंच माळांवरच्या वस्त्यांत गाद्या मोजक्याच. एका खोऱ्यात एकच घर, त्यात द्यायच्या खोल्या दोन. त्या कुणी आधी धरल्या की पुढचा सगळा प्रवास पत्त्यांच्या बंगल्यासारखा खाली. म्हणून एनिड जानेवारीतच फोनला बसायची. फोन जिन्याखालच्या बोळात, तिथे थंडी अशी की ती घरात असूनही अंगात कोट घालून बोलायची. खोलीचं नाव मात्र आधी काढायची नाही. आधी कोंबड्या अंड्यावर आल्या का, मग बहिणीच्या खुब्याचं ऑपरेशन, मग नव्या पाद्रीबुवांचं लांबलेलं प्रवचन, आणि फोन ठेवता ठेवता, आत्ताच आठवल्यासारखी, खोली. त्या मालकिणींनी तिला कित्येक वर्षांत एकदाच पाहिलेलं असे, काहींनी तर कधीच नाही. पण तिचा आवाज ऐकला की त्या म्हणत, 'तुमच्यासाठी ठेवलीय हो.'

चालताना तिची जागा शेवटची. अशा मंडळींत सगळ्यांत पुढे एक वाट दाखवणारा असतो आणि सगळ्यांत मागे एक पिछाडी सांभाळणारा. त्याच्या मागे कोणी राहायचं नाही, हा नियम. पुढच्यांनी प्रत्येक दगडी भिंतीपाशी, जिथे पलीकडे उतरायला पायऱ्या बसवलेल्या असतात तिथे, थांबायचं आणि पिछाडी आली की निघायचं. ही पिछाडी एनिडने आपणहून घेतलेली, आणि ती का घेतलेली हे मेव्हिस सोडून कोणाला ठाऊक नव्हतं. मेव्हिसला चढावर दम लागायचा. ती थांबली की एनिड आपल्या बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला बसायची. पुढे गेल्यावर म्हणायची, 'माझीच नाडी मेली सुटली.' वर्षानुवर्षं डेरिक तिच्या नाड्यांची थट्टा करत आला, आणि मेव्हिस सगळ्यांबरोबर हसत आली.

यात एक गोष्ट कोणाच्याच ध्यानात आली नाही, खुद्द एनिडच्याही नाही. जो कामाने शेवटी चालतो त्याचा वेग कोणी मोजत नाही.

या वर्षीची चाल साधी नव्हती. पश्चिमेच्या समुद्रापासून पूर्वेच्या समुद्रापर्यंत, इंग्लंडची अख्खी रुंदी. निघताना पश्चिमेच्या किनाऱ्यावरचा खडा उचलायचा, खिशात बाळगायचा आणि पलीकडे पोचल्यावर पूर्वेच्या पाण्यात टाकायचा, अशी या वाटेची रीत आहे. एनिडकडे तो खडा होता. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात ती आणि आर्थर या वाटेला लागले होते. दुसऱ्याच दिवशी सासूबाई जिन्यावरून पडल्याची तार आली, आणि दोघं बसने परत. सासूबाई त्या पडण्यातून उठल्या त्या एनिडच्या घरात येऊन बसल्या आणि पुढे इतकी वर्षं बसल्या, की त्यांना मूठमाती देईपर्यंत आर्थरची छाती दुखू लागली होती. आर्थरही गेला. खडा स्वयंपाकघराच्या खिडकीत राहिला. करडा, पोटावर पांढरी रेघ असलेला, दूधवाल्याच्या चिठ्ठीवर ठेवायच्या कामाचा. दर ख्रिसमसनंतर एनिड इस्त्री करता करता ही वाट सुचवायची आणि दर वर्षी डेरिक म्हणायचा, 'फार लांब आहे गं, पुढच्या वर्षी बघू.' या वर्षी तो हो म्हणाला. एनिडला इतका आनंद झाला, की तो हो का म्हणाला हे विचारायचं तिला सुचलं नाही.

ते जानेवारीच्या शेवटी कळलं. कडू संत्री बाजारात आली होती, घरभर मार्मालेडचा वास होता, आणि डेरिक नेहमीप्रमाणे वास धरून आला. बरोबर एक बाई. जिलियन फॉक्स, नुकतीच दक्षिणेकडून राहायला आलेली, हाडं-स्नायूंचे व्यायाम शिकवणारी, एनिडपेक्षा बरीच लहान, अंगावर जादा मांसाची एक वळीही नाही. तिने टेबलावरचा नकाशा पाहिला, बोटाने वाट मोजली आणि म्हणाली, किती गोड, अजून कागदावर करता तुम्ही. डेरिक टोस्टवर मार्मालेड लावून तिच्यापुढे सरकवत होता. त्याने स्वतःच्या घरी कधी कोणाला पाणी विचारलेलं एनिडला आठवत नव्हतं. जिलियनने टोस्ट परत सरकवला. ती गव्हाचं खात नसे.

मग डेरिक म्हणाला, या वेळी आपण पाच.

एनिडने शांतपणे सांगितलं की बाकी सगळीकडे जमेल, पण थॉर्नगिलला गाद्या चारच आहेत. थॉर्नगिल म्हणजे सगळ्यात लांब माळ ओलांडल्यावरचं एकुलतं एक शेतघर. तिथल्या मिसेस ऑल्डरसननी दारावरची पाटी कधीच उतरवली होती, परक्याला त्या उभं करत नसत. दर वर्षी एक मार्मालेडची बरणी टपालाने पाठवत, तीन हिवाळे कोंबड्यांची चौकशी करत करत एनिडने तिथल्या दोन खोल्या मिळवल्या होत्या. एकीत डेरिक-नॉर्मन, दुसरीत ती आणि मेव्हिस.

'हं,' डेरिक म्हणाला. 'बघू.'

त्या 'बघू'चा अर्थ मार्चमधल्या परीक्षेच्या चालीत कळला. मोठ्या चालीआधी पुरतं ओझं घेऊन एक दिवस चालून बघायची पद्धत होती. गावाबाहेर, चर्चच्या फाटकापाशी सगळे जमले तेव्हा डेरिकने अगदी सहज, जिलियनकडे बघत सांगितलं, की आज पिछाडी जिलियन सांभाळेल, एनिडने इतकी वर्षं केलं, आता तिने जरा मोकळं चालावं. एनिडला ते ऐकून बरंच वाटलं. मेव्हिसही पुढे झाली आणि म्हणाली, 'तुझा थर्मास दे बाई माझ्याकडे, तेवढंच तुझं ओझं हलकं.' मोठा थर्मास होता, सगळ्यांचा चहा एनिडच आणायची. तिने तो दिला.

पहिल्या चढावर तिला कळलं की आपल्या पुढे कोणी नाही. म्हणजे सगळे होते, पण लांब, भिंतीच्या रेघेवर ठिपक्यांसारखे. मेव्हिसची लाल टोपी डेरिकच्या अगदी मागे. मेव्हिस तोंडाने श्वास घेत, जीव खाऊन चालत होती, आणि एकदाही वळून बघत नव्हती. एनिडच्या पाठीशी, हात लावता येईल इतक्या अंतरावर, जिलियन.

'छान चाललंय हं आपलं,' जिलियन म्हणाली. 'घाई नाही करायची आपण.'

एनिडला नर्स आठवली, आर्थरला अंथरुणात बसवताना असंच 'आपण' म्हणणारी.

भिंतीच्या पायऱ्यांपाशी सगळे तिची वाट बघत बसले होते. चहा प्यायले होते, नॉर्मनने तर एक डुलकीही काढली होती. एनिड पोचली आणि सगळे उठले. नियमच तो, पिछाडी आली की निघायचं. आजवर शेवटी येऊन ती लगेच निघायची ते तिला कधी जाणवलं नव्हतं, कारण मागे राहणं तिच्या हातात होतं. आज पायांत गोळे आले होते आणि घशाला कोरड.

'चहा आहे का गं थोडा?' तिने मेव्हिसला विचारलं.

मेव्हिसने डेरिककडे पाहिलं. डेरिक घड्याळाकडे बघत होता. मेव्हिसने थर्मासचं झाकण घट्ट फिरवलं.

'संपला गं.'

पुढच्या भिंतीपाशी तेच. त्याच्या पुढच्या भिंतीपाशी तेच. तिथे तर एनिड पायरीवर हात टेकेपर्यंत डेरिक पलीकडे उतरलाही होता. दिवसभर कोणी तिला एक वाकडा शब्द बोललं नाही. थांबायला लागतं म्हणून कोणी कुरकुरलं नाही. सगळे अगदी प्रेमाने उठून उभे राहत.

संध्याकाळी घरी तिने थर्मास विसळायला घेतला. झाकण उघडलं तर तळाशी पेलाभर चहा होता, अजून कोमट. तो चहा तिने ओतला नाही, पिऊन टाकला. साखर जास्त झाली होती. मेव्हिसला जास्त साखर लागायची, म्हणून ती घालायची.

पुढच्या रविवारी ते तिघं तिच्याकडे आले, मेव्हिस, डेरिक आणि नॉर्मन. एनिडने फळांचा केक आणि सोबत पांढरं चीज ठेवलं होतं. डेरिकने दोन तुकडे खाल्ले, बोटं पुसली, हवेबद्दल बोलला, चर्चच्या छताबद्दल बोलला. डेनलीत वाईट बातमी छताच्या वाटेनेच खाली उतरते.

'आम्ही तुझाच विचार करत होतो, एनिड,' तो म्हणाला. 'तुझ्याशिवाय ही चाल होणारच नाही. म्हणून वाटलं, तू इथे मुख्य ठाण्यावर थांबावंस. रोज संध्याकाळी आम्ही फोन करू. काही अडलं तर तू आहेसच. त्या माळांवरून जिवाचे हाल करण्यापेक्षा.'

'तुझ्याच गुडघ्यांसाठी गं,' मेव्हिस म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. 'आणि तुझा तो खडा आहे ना, तो मी नेईन. मी टाकीन तुझ्या नावाने. आर्थरच्या नावाने.'

नॉर्मनने केकमधले मनुके वेचून बशीच्या कडेला लावले होते, ते तो मोजत होता असं वाटलं.

अशा वेळी डेनलीतली बाई काय करते? आवाज चढवत नाही. एनिडने किटलीवरचं लोकरीचं टोपण सारखं केलं. 'किती विचार केलात माझा,' ती म्हणाली. 'आणखी चहा?' सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. जाताना दाराबाहेर डेरिक नॉर्मनला म्हणत होता, बघ, मी सांगत नव्हतो, समजूतदार आहे. एनिडला खिडकीतून ते ऐकू आलं.

खडा न्यायला मेव्हिस दुसऱ्या दिवशी आली. एनिडने तिला खडा दिला, जुन्या हातरुमालात बांधून. तो तिने सकाळीच कचऱ्याच्या डब्याजवळच्या पायवाटेवरून उचलून, धुऊन, पुसून ठेवला होता. पोटावर रेघ नव्हती. मेव्हिसने तो छातीशी धरला. इतक्या वर्षांत एनिडच्या खिडकीत तो खरा खडा तिला किती वेळा दिसला असेल, पण दिसणं आणि बघणं यात फरक असतो.

एनिडची गरज मात्र सरली नव्हती. एप्रिलभर डेरिकचे निरोप येत राहिले. जिलियनला मऊ उशी चालत नाही. जिलियनला दुपारच्या डब्यात पाव नको. जिलियनला खिडकी उघडणारी खोली हवी. एनिड कोट घालून बोळात बसायची आणि एकेका मालकिणीला फोन करून सांगायची. 'आमची एक नवी बाई आहे, जरा नाजूक आहे,' असं. मालकिणी विचारत, आणि तुम्ही? ती म्हणायची, यंदा जमत नाहीसं दिसतं. आणि कोंबड्यांचं विचारायची.

एके दुपारी फोन उलटा आला. मिसेस ऑल्डरसन थॉर्नगिलहून बोलत होत्या. ती बाई सहसा फोन करायची नाही, फोनवर तिला ओरडावं लागतं असं वाटायचं.

'क्रॅबट्रीबाई, मला कोणी फॉक्स म्हणून फोन केला होता. विचारते, चादरी सुती आहेत का. म्हणते, तुमच्या जागी ती येणार. खरं का?'

'खरं,' एनिड म्हणाली.

'तुम्ही नाही?'

'मी नाही.'

तिकडे कुत्रं भुंकलं, त्याला दटावल्याचं ऐकू आलं. मग मिसेस ऑल्डरसन म्हणाल्या, त्याच दिवसासाठी हॉलंडची चार माणसं मागे लागलीत, रोज पत्र पाठवतात. 'मी खोल्या तुम्हाला दिल्यात, फॉक्सला नाही. तुम्ही ठेवा म्हणालात तर ठेवीन. शब्द तुमचा.'

बोळाच्या भिंतीवर आर्थरचं हवामानाचं यंत्र होतं. एनिडने सवयीने त्याच्या काचेवर टिचकी मारली. काटा जरा हलून पावसाकडे झुकला. मे महिन्याचं ते काय सांगणार? पण तिला बरं वाटलं.

'द्या त्यांना,' ती म्हणाली.

'आणि तुमची माणसं?'

'त्यांचं होईल काहीतरी. सगळी भराभर चालणारी आहेत.'

फोन ठेवून ती आत आली आणि उरलेल्या नकाशाला इस्त्री करत बसली. डेरिकला तिने काही कळवलं नाही. दिलेली योजना होती तशीच राहिली, थॉर्नगिलसकट, तिच्या सुबक अक्षरात.

मे महिन्यात ती चौघं गेली. पहिले काही दिवस संध्याकाळी फोन आला. डेरिक फुशारक्या मारायचा, मेव्हिस मागून ओरडून सांगायची की आज मेंढीची कोकरं पाहिली. त्या लांब माळाच्या दिवशी सकाळपासून पाऊस लागला होता. डेनलीतही लागला होता. संध्याकाळी फोन आला नाही. एनिडने स्वतःसाठी अंडं उकडलं आणि टोस्टच्या काड्या बुडवून खाल्लं. ती फोनपाशी गेली नाही. तो वाजला असता तर घरात कुठूनही ऐकू आला असता.

काय झालं ते नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. दलदल तुडवत, कमरेपर्यंत भिजून ती चौघं दिवस मावळताना थॉर्नगिलला पोचली. मिसेस ऑल्डरसननी दारातच सांगितलं, खोल्या दिल्या. कोणाला, का, हे काही नाही. त्या बाईंना एका वाक्याचं काम दोन वाक्यांत करायची सवय नव्हती. त्यांनी स्वयंपाकघरात सूप दिलं आणि गवताचं कोठार उघडून देते म्हणाल्या. जिलियनने कोठाराच्या दारातून आत बघितलं आणि खाली खोऱ्यातल्या गावापर्यंत चालायचं ठरवलं. डेरिकला तिच्यापुढे नाही म्हणवेना. मेव्हिसला तिथेच राहायचं होतं, पण एकटीने गवतात कसं निजायचं? ती निघाली.

नियम होता, प्रत्येक भिंतीपाशी थांबायचं. त्या पावसात कोणी थांबलं नाही. डेरिकला वाटलं, पिछाडीला जिलियन आहे. जिलियनला वाटलं, पिछाडी ही परीक्षेच्या चालीपुरती होती. नॉर्मनला काय वाटलं ते त्याने कधीच सांगितलं नाही. तिसऱ्या भिंतीच्या ओल्या पायरीवरून मेव्हिस घसरली. घोट्याचं हाड मोडलं. ती हाका मारत होती, असं ती पुढे सांगायची, आणि लांब खाली त्यांचे विजेरीचे झोत उतरत जाताना तिला दिसत होते. एखादा झोत वळेल म्हणून ती बघत राहिली. पहाटे मेंढ्या बघायला निघालेल्या ऑल्डरसनांच्या कुत्र्याने तिला भिंतीच्या आडोशाला हुडकून काढलं. तोवर तिच्या छातीत गारठा भरला होता.

मंडळी तिथेच फुटली. कोठारात राहायला कोणी नको म्हटलं, पिछाडी कोणाची होती, यावरून डेरिक आणि जिलियनचं इतकं बिनसलं, की जिलियन पुढच्या महिन्यात कोणा सायकलवाल्यांच्या गटात गेली. डेरिक खाली मान घालून एनिडकडे आला. खोल्यांचं असं कसं झालं, त्याने विचारलं.

'तुमच्याकडून चादरींबद्दल फोन गेला होता म्हणे,' एनिड म्हणाली. 'ती माणसं मानी असतात.'

डेरिकने मान हलवली. केक खाल्ला नाही.

मेव्हिस हॉस्पिटलातून घरी आली तेव्हा एनिड रोज तिच्याकडे जायची, सूप घेऊन. मेव्हिसने कोटाच्या खिशातून हातरुमालाची पुरचुंडी काढली आणि रडली. 'नाही गं झालं माझ्याच्याने. तू असतीस तर हे झालंच नसतं. तू कधी मला मागे सोडलं नाहीस.' एनिडने तिचा हात थोपटला. घरी परतल्यावर तिने तो खडा आपल्या कचऱ्याच्या डब्याजवळ, त्याच्या जागी टाकला.

पुढचा ख्रिसमस झाला, एनिडने टेबलावर चादर पसरली, नकाशा काढला. मेव्हिस काठी टेकत आली आणि दारातच म्हणाली की आपण दोघीच जाऊ. हळूहळू. तिला घोटा पुन्हा चालता करायचा होता, आणि तिला बरोबर घेणारं डेनलीत दुसरं कोणी उरलं नव्हतं. एनिडने फोन केले. या वेळी टप्पे लहान ठेवले, गाद्या दोनच लागत होत्या, सगळीकडे मिळाल्या. थॉर्नगिललाही.

पश्चिमेच्या किनाऱ्यावर मेव्हिसने स्वतःसाठी खडा शोधला. एनिड म्हणाली, माझा आहे. तिने तो खिशातून काढून दाखवला, पोटावर पांढरी रेघ असलेला. मेव्हिस त्याच्याकडे बघत राहिली, जरा जास्तच वेळ, आणि मग समुद्राकडे बघू लागली.

तिथून थॉर्नगिलपर्यंत दोघी बऱ्या चालल्या. एनिड अर्धी वाट पुढे, अर्धी वाट मेव्हिसबरोबर. कधी नाडी बांधायला बसायची. मेव्हिस हसायची. थॉर्नगिलला मिसेस ऑल्डरसननी दार उघडलं, एनिडचे दोन्ही हात हातात घेतले, आणि कोकराचं मटण, बटाटे, पुदिन्याची चटणी असं वाढलं. ज्या बाईला दोन वाक्यं जड जात, ती त्या संध्याकाळी खुशीत होती. शेल्फवरून एक चित्राचं कार्ड काढून तिने टेबलावर ठेवलं, पवनचक्की असलेलं.

'ते हॉलंडवाले,' ती म्हणाली. 'गेल्या वर्षी तुम्ही म्हणालात ना, द्या त्यांना खोल्या. फार चांगली माणसं. दर सणाला कार्ड पाठवतात.'

एनिडच्या हातातला काटा बशीवर थांबला. मेव्हिसने कार्ड उचललं, दोन्ही बाजूंनी पाहिलं, परत ठेवलं.

'मटण फार छान झालंय,' मेव्हिस म्हणाली.

त्या रात्री दोन खाटांवर दोघी निजल्या. मधे हातभर अंतर. सकाळी मेव्हिसने घोट्याला पट्टी बांधली, काठी घेतली आणि निघाली. परत जायला तिथून बस नव्हती, आणि वाट पुढेच जाते.

त्या दिवसापासून एनिड पुढे चालू लागली. नेहमीच्या आपल्या चालीने, फार भराभर नाही. भिंतीच्या पायऱ्या आल्या की बसायची, थर्मास काढायची, झाकणात चहा ओतून घ्यायची आणि माळावरून काठी टेकत येणारी लाल टोपी बघत घुटकाघुटक्याने प्यायची. मेव्हिस पोचली की ती झाकण लावायची आणि उठायची.

'छान चाललंय हं आपलं,' ती म्हणायची.

मेव्हिसने एकदाही थांब म्हटलं नाही. म्हणायला तिला तोंड नव्हतं. संध्याकाळी एकाच खोलीत मात्र एनिडच तिच्या पायाला कोमट पाण्यात मीठ घालून द्यायची, घोट्यावर मलम चोळायची, आणि मेव्हिस डोळे मिटून ते करू द्यायची. इतका जवळचा माणूस दोघींनाही दुसरा नव्हता.

पूर्वेचा समुद्र दिसला तेव्हा वारा सुटला होता. कड्यावरून खाली उतरणाऱ्या वाटेला दगडी पायऱ्या होत्या. एनिड थांबली नाही. ती उतरली, ओल्या वाळूवरून पाण्यापर्यंत गेली, लाटेने बूट भिजू दिले आणि खिशातला खडा काढून टाकला. इतक्या वर्षांचा खडा, आवाज काहीच झाला नाही. खरं म्हणजे तो कुठे पडला तेही दिसलं नाही. आर्थरची आठवण येईल असं तिला वाटलं होतं. आली ती सासूबाईंची.

ती परत येऊन शेवटच्या पायरीवर बसली, आणि तिने चहा ओतला.

मेव्हिस पोचली तेव्हा तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. ओठ कोरडे. ती एनिडच्या शेजारी पायरीवर टेकली, दोन्ही हात काठीवर ठेवून. आता पुढे कुठे निघायचं नव्हतं, पुढे पाणी होतं.

'टाकलास?' मेव्हिसने विचारलं.

'टाकला.'

'माझ्यासाठी थांबली नाहीस.'

'नाही.'

मेव्हिसने मान हलवली. मग अगदी हळू, सगळ्या वाटेवर पहिल्यांदाच, तिने विचारलं, 'चहा आहे का गं थोडा?'

एनिडने थर्मासचं झाकण घट्ट फिरवलं.

'संपला गं,' ती म्हणाली.

तिने थर्मास सॅकमध्ये ठेवला. ठेवताना तो आडवा झाला, आणि आतला चहा डुचमळल्याचा आवाज दोघींनाही स्पष्ट ऐकू आला.